मामिया सी३३० : जांभळी नाका, गजरे आणि पाच सेंटिमीटर

श्रावण लागल्यापासून मामिया सी३३० या ट्विन लेन्स (एकावर एक दोन लेन्स असलेल्या) फिल्म कॅमेऱ्यावर एकच विषय चालू आहे: ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात गजरे करणाऱ्या बायकांचे हात. नुसते हात, तेही अगदी जवळून.

याशिका मॅट १२४जी हा माझा दुसरा ट्विन लेन्स कॅमेरा, माझी लाडकी आहे, पण तिचा फोकस एक मीटरवर थांबतो. त्याच्या अलीकडे यायचं तर क्लोजअप लेन्स चढवावी लागते. १९६९ साली आलेल्या सी३३० ला मात्र बेलोज, म्हणजे लेन्स पुढे सरकवणारा घड्यांचा भाता आहे. ८० मिलिमीटरची लेन्स लावून बेलोज पूर्ण उघडला की फिल्मपासून साधारण ३५ सेंटिमीटरपर्यंत फोकस मिळतो. ट्विन लेन्स कॅमेऱ्यात ही सोय फार मोठी आहे, आणि लेन्स बदलता येतात ते वेगळंच.

अडचण एकच. बघायची लेन्स वर, फोटो घेणारी खाली, मध्ये पाच सेंटिमीटर. तलावपाळीवर उभं राहून तलावाचा पलीकडचा काठ टिपताना हे लक्षातही येत नाही. पण फिल्मपासून ५० सेंटिमीटरवर ८० ची लेन्स जेमतेम २२ सेंटिमीटरचा चौकोन पकडते. त्यातले पाच गेले म्हणजे जवळपास पाव फ्रेम सरकली. सी३३० च्या स्क्रीनवर एक काटा फोकसबरोबर खाली उतरत जातो. त्याच्या वरचं सगळं कापलं जाणार. लांबलेल्या बेलोजमुळे एक्स्पोजर (फिल्मला द्यायचा उजेड) किती वाढवायचं तेही तोच काटा सांगतो. या अंतरावर दीडपट, म्हणजे अर्ध्या स्टॉपहून थोडं जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). काटा खूप कामाचा आहे, पण वरून काय जाणार एवढंच तो दाखवतो, खालून काय येणार ते नाही. आणि गजऱ्याची लड तर खालीच लोंबत असते.

यासाठी मामियाने पॅरामेंडर काढला होता: ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा छोटा जॅक. वरच्या लेन्सने फ्रेम ठरवायची, मग कॅमेरा नेमका तेवढाच वर उचलायचा, की खालची लेन्स वरचीच्या जागी येते. माझ्याकडे तो नाही. मी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्यावर पाच सेंटिमीटर अंतराने इन्सुलेशन टेपच्या दोन खुणा केल्या आहेत. दांडा एका खुणेवर ठेवून बघायचं, पाच सेंटिमीटर वर घेऊन दुसऱ्या खुणेवर शटर दाबायचं. आधी घरी भिंतीला फूटपट्टी चिकटवून एक रोल यावरच घालवला. निगेटिव्हवर आकडे जिथे हवे तिथेच आले.

मात्र कॅमेरा सपाटच हवा. खाली झुकवला की दोन लेन्समधली रेघ तिरकी होते, दांडा मात्र सरळच वर जातो, आणि हिशोब चुकतो. म्हणून ट्रायपॉड बसलेल्या बाईच्या हातांच्या उंचीवर आणावा लागतो. इथे वरून बघायचा फाइंडर खरा उपयोगी पडतो: कॅमेरा जमिनीलगत, आपण उकिडवं बसून वरून डोकावायचं.

ताडपत्रीखाली, पावसाळी सकाळी उजेड बेताचाच. एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म, लेन्सचं छिद्र एफ/८, बेलोजची भरपाई धरून १/१५ सेकंद. एवढ्या जवळून एफ/८ ला दीड सेंटिमीटरच धारदार येतं, म्हणून फोकस गाठ पडते त्या बोटांवर. एका मावशींनी विचारलं, "दादा, हात थांबवू का?" म्हटलं, "नको मावशी, तुमचं चालू द्या." थांबवलेले हात लगेच कळतात. थोडं बघत बसलं की त्यांची लय सापडते: कळ्या जोडीने ठेवायच्या, दोरा फिरवायचा, आणि गाठ आवळताना दोन्ही अंगठे क्षणभर स्थिर होतात. शटर तेव्हाच. त्या फ्रेममध्ये ताणलेल्या दोऱ्याचा पीळ दिसतो आणि कळ्या घेणारी करंगळी किंचित हललेली असते. मला असंच हवं होतं. लेन्समधलं शटर असल्याने आवाजही नावापुरता, कोणी मान वर करत नाही.

डेव्हलपिंगला आयडी-११ डेव्हलपर, एकास एक पाणी घालून. २० अंशांना १३ मिनिटं, पण ठाण्यात सध्या नळाचं पाणीच कोमट येतं. बर्फ घालून २४ वर आणतो आणि नऊ मिनिटांच्या आसपास थांबतो. २० वर टिकवत बसण्यापेक्षा हे बरं. फिल्म वाळायला फार वेळ लागतो. बेलोजचे कोपरे दर महिन्याला अंधारात आतून टॉर्च लावून तपासतो, अजून एकही भोक नाही. लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट.

पुढचे रोल १०५ मिलिमीटरच्या लेन्सवर. याच आकाराची फ्रेम ८० ने घेताना लेन्स हातांपासून ४० सेंटिमीटरवर असते, १०५ ने ५२ वर. मधल्या १२ सेंटिमीटरमध्ये मावशींची टोपली आरामात बसते आणि गिऱ्हाइकाला फुलं दिसतात. बाजूचा लेन्स सिलेक्टर तेवढा आठवणीने १०५ वर फिरवायचा, नाहीतर काटा ८० चाच हिशोब दाखवत राहतो.