टेबलाएवढी जागा

पुण्यात कॉट बेसिसवर राहतो म्हटलं की पुणेकराला पुढचं काही विचारावं लागत नाही. वय, पगार, जेवणाची तऱ्हा आणि रविवारची संध्याकाळ कशी जाते, हे सगळं त्याला त्यातच कळतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, एवढाच त्यातला दुःखद भाग.

कॉट म्हणजे सहा बाय अडीचचा लोखंडी पलंग, वर मधोमध खोलगट झालेली गादी, उशाशी एक प्लग पॉइंट आणि भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा. याशिवाय कॉटखालची जागा. खरी मिळकत ती. तिथं बॅग असते, बादली असते, ऑफिसचे बूट असतात आणि घरून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असतो. त्या डब्याचा मालक कोण, हे पहिले दोन दिवसच ठरलेलं असतं. भाडं कॉटवरचं भरायचं आणि संसार कॉटखाली मांडायचा, असा हा एकूण व्यवहार आहे.

नवी पेठेतल्या आमच्या खोलीत अशा तीन कॉट आहेत. एक माझी. दुसरी नगरच्या एका मुलाची. तो सीएची आर्टिकलशिप करतो आणि मार्च ते सप्टेंबर या काळात त्याच्याशी फक्त जेवणाविषयी बोलायचं असतं. तिसरी परभणीच्या एकाची. तो राज्यसेवेची तयारी करतो, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणतो. या भागात तयारी करणाऱ्या प्रत्येकालाच साहेब म्हणतात. निकाल नंतर लागतो, हुद्दा आधी मिळतो.

मी अंबाजोगाईचा. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून इथं आलो आणि एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम कुठं फसतो ते शोधायचं आणि त्याला राग येणार नाही अशा भाषेत कळवायचं. यातला पहिला भाग मला कॉलेजात शिकवला होता. काही दिवस हिंजवडीला जावं लागतं. ते दिवस वाकडच्या पुलावर, बसमध्ये उभ्यानं, एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं फोन धरून संपतात, त्यांच्याबद्दल जास्त काही लिहिण्यासारखं नाही. बाकीचे दिवस मी कॉटवरून काम करतो. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, पाठ भिंतीला. हीच कॉट सकाळी ऑफिस, दुपारी डबा आला की डायनिंग टेबल आणि अधूनमधून इंटरव्ह्यूची जागा होते. इंटरव्ह्यू असला की वरून इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट आणि मागे साहेबांनी चिकटवलेला महाराष्ट्राचा नद्यांचा नकाशा. तो नकाशा ब्लर केला तरी गोदावरी थोडी दिसतेच.

असाच एक इंटरव्ह्यू चालू असताना समोरच्या बाईंनी तो ठरलेला प्रश्न विचारला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता? याचं पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी दिलंही. टीम लीड, ऑटोमेशन, नवं शिकत राहणं वगैरे. पण मनात पटकन आलं ते वेगळंच होतं. पाच वर्षांनी मी स्वतःला टेबलापाशी पाहतो. खिडकीजवळचं, न डुगडुगणारं, चार पायांचं टेबल. मित्रांची स्वप्नं बाणेरच्या टू बीएचकेची, कॅनडाची, स्टार्टअपची असतात. माझी सध्याची महत्त्वाकांक्षा तीन बाय दोनमध्ये मावते.

टेबल लागतं ते नोकरीसाठी नाही, गंमत इथंच आहे. नोकरी मांडीवर होते. टेबल लागतं मोडीसाठी.

मोडी म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती. गेल्या पावसाळ्यापासून मी रविवारी सकाळी तिच्या वर्गाला जातो. आधी सहज म्हणून गेलो होतो. सदाशिव पेठेत, आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, 1910 साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी मेहेंदळ्यांबरोबर स्थापन केलेलं. त्या रस्त्यानं येता-जाता वाटायचं, एवढे कागद आत आहेत आणि आपल्याच भाषेतले असून आपल्याला एक ओळ वाचता येत नाही, हे काही बरोबर नाही. शनिवारवाड्याच्या भिंती बघायला लोक लांबून येतात, पण त्या भिंतींच्या आत कुणी कुणाला किती रुपये द्यायचे होते, हे पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या जुन्या कागदांच्या संग्रहात, रुमालांत बांधून ठेवलेलं आहे. मला भिंतींपेक्षा ते उधारीचं जास्त कळतं.

मोडी लिहायची पद्धत आधी उलटी वाटते. आपण देवनागरीत अक्षर काढतो आणि मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. हात शक्यतो उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही, एकच वेलांटी आणि एकच उकार. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई खाल्लेल्या माझ्यासारख्याला ही लिपी तिथंच आवडली. आणि शब्दांत अंतर नाही. ओळ सलग चालते, शब्द कुठं संपला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. मजकूर हातात आला की मोकळी जागा बघून शब्द सुटे करायचे, हा आमच्या क्षेत्रातला अगदी पहिला धडा. मोडीच्या एका ओळीनं तो धडा निकामी केला तेव्हा मला अतोनात आनंद झाला. टेस्टिंगवाल्याला असले आनंद होतात.

कागदांत काय असतं? लढाया फार कमी. आम्हाला सरावाला आलेल्या कागदांत धान्य पोचल्याची पावती होती, बैल विकल्याची नोंद होती, कुणाचं तरी येणं राहिलं म्हणून केलेली विनवणी होती. तारीख द्यायची तर ‘छ’ लिहून चंद्राची तिथी आणि पुढं रमजान, सफर असा महिना. लिहिणारा देशस्थ कुलकर्णी असला तरी. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. माझ्या एकाही कव्हर लेटरचा शेवट इतका ऐटदार झालेला नाही.

पप्पांना फोनवर हे सांगितलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही, मग, “नोकरी सोडून हे काय करायलास?” नोकरी सोडलेली नाही, रविवारी करतो, म्हटलं. मग खरा प्रश्न आला: “त्यात पैसे आहेत का?” याचं उत्तर माझ्याकडे होतं. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद बाहेर निघाले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली होती. हे पप्पांनी टीव्हीवर पाहिलेलं. “मग ठीक आहे,” म्हणाले, “शिकून ठेव, बोजा थोडाच होतो?” आता गावी मी आयटीत आहे आणि शिवाय जुने कागद वाचतो, असं सांगितलं जातं. गेल्या सुट्टीत शेजारचे एक काका जमिनीचा कागद घेऊन आले. तो उर्दूत निघाला.

मला स्वतःला त्यातून काय करायचंय, हे नीट ठरलेलं नाही. 2014 साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, म्हणजे संगणकात अक्षरं बसलीत. हातानं लिहिलेला कागद यंत्रानं वाचणं ही पुढची आणि फार अवघड पायरी, कारण प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं आणि घाई वेगळी. त्या पायरीवर कुठंतरी आपल्याला काम मिळालं तर, असं रात्री झोपताना वाटतं. सकाळी लॉगिन पेजचं बटण फोनवर दबत नसल्याची तक्रार आलेली असते.

तर टेबल. मोडी लिहायचा बोरू, म्हणजे वेताची लेखणी, कॉटवर चालत नाही. लॅपटॉपला कलत्या मांडीचं काही वाटत नाही, पण बोरूला सपाट, टणक जागा लागते आणि शेजारी दौत. गादीवर दौत ठेवायला खोलीतल्या दोघांनीही ठाम नकार दिलाय, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिला असता. साहेबांचीही तीच अडचण आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. आधी पर्यायांचे गोळे काळे करणाऱ्यांना आता पानंच्या पानं लिहावी लागतात. म्हणून साहेब झोपायला कॉटचं भाडं भरतात आणि लिहायला अभ्यासिकेत टेबलाचं. रात्री अकराला ते परत येतात तेव्हा उजव्या हाताची बोटं मोडत येतात, आणि आम्ही तिघं खाली अमृततुल्यवर चहाला जातो. तिथं शेजारच्या बाकावर कटऑफ आणि आन्सर की यांशिवाय विषय नसतो. नगरचा त्यांच्याकडे ताळेबंद बघितल्यासारखं बघतो.

शेवटी मीच काकूंकडे गेलो. काकू म्हणजे घरमालकीण, खालच्या मजल्यावर राहतात.

“काकू, खोलीत एक छोटं टेबल ठेवलं तर चालेल का?”

“कुठं ठेवणार? तीन कॉट आहेत.”

“तेच म्हणतो. खिडकीपाशी, कॉट जरा सरकवून.”

“मग दार कसं उघडणार?” काकूंना खोली डोळे मिटून पाठ आहे. “आणि तू अर्ध्या कॉटचं भाडं देतो म्हणशील, मला माहितीये. अर्ध्या कॉटनं माझं भागत नाही. तुमच्यातला एक गेला की बघू. तो परभणीचा पास होतोय का यंदा?”

हे मी वर येऊन सांगितलं. तेव्हापासून खोलीचं वातावरण बदललंय. साहेबांच्या उत्तराच्या वह्या मी तपासायला घेतो, मुद्दे सुटले तर खूण करतो, मेसच्या काकांना त्यांच्या ताटात वरण जास्त वाढायला सांगतो. गावी गेलो तेव्हा योगेश्वरीला त्यांच्यासाठी नारळही फोडून आलो. नगरच्याला यात हितसंबंधांचा संघर्ष दिसतो. तसं त्यानं सीएच्या भाषेत बोलूनही दाखवलं.

साहेबांना मात्र सगळं आवडलंय. परवा रात्री चहा पिताना मी म्हटलं, पास झालात की तुमची कॉट निघते आणि माझं टेबल येतं, एवढं लक्षात असू द्या. त्यांनी कप खाली ठेवला, बोटं मोडली आणि म्हणाले, “रीतसर अर्ज करा. देवनागरीत.”