आमच्या रातांब्यांतले नर आणि माद्या

गुहागरजवळ आमचं घर आहे, पाठच्या उताराला काकांनी 2014 च्या पावसात सात रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, लावली. नर्सरीवाल्याने कलमं म्हणून दिली होती पण निघाली सगळी बियांची रोपं, आणि हे आम्हाला कळलं कधी तर सात वर्षांनी! झाडं मस्त उंच झाली, कोवळी पालवी लालचुटुक, डिसेंबरात फुलंही आली, आणि एप्रिलमध्ये बघतो तर तीन झाडांवरच फळं, बाकी चार नुसती उभी. काकांनी कोयती काढलीच, म्हणाले वांझ आहेत, जळणाला तरी होतील.

मी म्हटलं काका थांबा जरा, पुढच्या बहराला फुलं नीट बघूया. कारण कॉलेजला बॉटनी होती तेव्हा कधीतरी वाचलेलं की पपईसारखं कोकमातही नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, आणि बियांपासून लावली की साधारण निम्मी नर निघतात. रोप बघून काही म्हणजे काही कळत नाही, फूल येईपर्यंत वाट बघायची.

तर डिसेंबरात शिडी लावून चढलो. फळं न धरणाऱ्या झाडांची फुलं घोसात, एकेक नखाने फोडलं तर मध्ये पुंकेसरांचा पिवळट गोळा, बोटाला पराग लागला, आणि खाली अंडाशय म्हणावा असं काहीच नाही. फळवाल्या झाडाच्या फुलात मात्र मधोमध हिरवी गोटी, तिच्या डोक्यावर कुक्षीची फाकलेली चकती. पराग त्या चकतीवर पडला की त्यातून नळी फुटते, आत बीजांडापर्यंत जाते, मग त्याची बी होते आणि गोटीचा रातांबा. पुस्तकात आकृती काढून मार्क मिळवलेले, पण हातात घेऊन तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

काकांना दाखवलं तर म्हणे, मग नर तोडूया ना! आता यांना काय सांगू, चारही तोडले तर माद्यांना पराग कुठून मिळणार? बरीच वादावादी झाली, काकूने चहा दिला तेव्हा कुठे मिटलं, एक नर ठेवायचा, तीन काढायचे.

त्या तीन जागांवर जूनमध्ये कोकण अमृताची कलमं लावली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात. कलम मादी झाडाच्या काडीचं असलं की मादीच येणार. यावेळी कलमं निवडताना मी सोबत गेलो, प्रत्येकाचा जोड बघितला आणि काडी सरळ वाढणारी आहे ना तेही, कारण आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड उंच न जाता आडवंच पसरतं. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेलं, पाणी घालायचं राहिलं, चूक आमचीच.

बाकी दोन जगली. जुन्या तीन माद्यांच्या रातांब्यांवर सध्या आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि वर्षाची आमसुलं भागतात.