आधी रेघ तपासा, मग लेन्सला हात लावा

लेसरने कोरायच्या 'आशीर्वाद' या पाटीचं काम पुन्हा हाती घेतलंय. 4 मिमी बर्च प्लायवर अक्षरं जळत होती नीट, पण काठ मऊ येत होते. 'शी'ची वेलांटी आणि 'वा'वरचा रफार एकमेकांना चिकटून काळा ठिपका होत होता. खालच्या ओळीत 'पहिला मजला' असं 8 मिमी उंचीत बसवलंय, तिथे 'ह'चं पोट भरून जात होतं. त्यातही पाटीची डावी बाजू बरी आणि उजवी धुरकट. मशीन साधंच आहे: 10 वॉट ऑप्टिकलचा (म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाची ताकद) निळा लेसर डायोड, मोटरी हलवणारा जीआरबीएल बोर्ड, लेसर चालवायचं लाइटबर्न सॉफ्टवेअर, खाली हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी).

असं काही दिसलं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो 'फोकस बघ'. त्याआधी एक गोष्ट करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. कमी पॉवरवर एक आडवी आणि एक उभी साधी रेघ मारा, लाइन मोडमध्ये, एकाच फेरीत. मग शेजारी त्याच पॉवरला फिल मोडमध्ये (आडव्या रेघांनी ये-जा करत भरायचा प्रकार) एक छोटा चौकोन भरा. रेघ बारीक आणि चौकोनाचे उभे काठ दातेरी किंवा दुहेरी असतील, तर फोकसचा काही दोष नाही. लेसरचं डोकं जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे जाळतंय. त्याला बेल्टचा ताण, पुली दांड्यावर आवळणारा ग्रब स्क्रू, नाहीतर लाइटबर्नमधलं स्कॅनिंग ऑफसेट (हा जाण्या-येण्यातला फरक भरून काढायची सेटिंग) जबाबदार. ऑफसेट भरताना मोजलेल्या फरकाच्या निम्मा आकडा टाकायचा, हे बरेच जण विसरतात. व्ही-व्हील (डोकं रुळावर धरणारं चाक) सैल असेल तर डोकं वळणावर मान डोलावतं, तेही असंच दिसतं. डोक्यातलं लेसर मॉड्यूल बोटांनी हलवून बघा. हललं तर चाक रुळावर घट्ट करणारा एक्सेंट्रिक नट थोडा फिरवा, पण चाक जाम होईल इतका नाही.

माझ्याकडे रेघच जाड होती. म्हणजे मामला खरोखर फोकसचा.

मशीनबरोबर 20 मिमीचा ॲक्रेलिक ठोकळा आला होता. डोक्याखाली ठोकळा सरकवायचा, डोकं त्यावर टेकवायचं, स्क्रू आवळायचा. सोपं आहे, पण ठोकळा नोझलच्या (डोक्याखालच्या नळीच्या) टोकापासून मोजतो आणि फोकस ठरतो लेन्सपासून. मी एअर असिस्टसाठी, म्हणजे जळत्या जागेवरच्या हवेच्या झोतासाठी (मत्स्यालयाचा पंप, अजून काय) वेगळं नोझल बसवलंय. ते मूळच्यापेक्षा किती लांब किंवा आखूड आहे, ते ठोकळ्याला कुठून कळणार? म्हणून उतारावरची चाचणी घेतली.

300 मिमीची सरळ एमडीएफ पट्टी घेतली, एक टोक 10 मिमी उचललं. म्हणजे पट्टीवर 30 मिमी पुढे गेलं की उंची 1 मिमीने बदलते. पट्टीच्या बरोबर मध्यावर ठोकळ्याने उंची लावली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रेघ मारली. उचललेल्या टोकाला नोझल घासणार नाही ना, हे लेसर बंद ठेवून एकदा फिरवून बघायचं. रेघ दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये कुठेतरी बारीक येते. माझी सगळ्यात बारीक जागा मध्यापासून 45 मिमी खालच्या टोकाकडे सापडली. म्हणजे डोकं दीड मिमी वर हवं होतं.

इथे एक मेख आहे. उताराच्या दिशेने मारलेली रेघ ठिपक्याची फक्त आडवी रुंदी दाखवते, दुसरी दिशा कळतच नाही. म्हणून त्याच पट्टीवर दर 10 मिमीला उताराला आडव्या अशा छोट्या खुणाही मारल्या. त्या सगळ्यात बारीक झाल्या भलत्याच ठिकाणी, रेघेच्या जागेपासून 18 मिमी दूर. उंचीत 0.6 मिमीचा फरक. हे मशीन बिघडल्याचं लक्षण नाही, डायोडचा स्वभावच तो. प्रकाश निघतो ती चीर एका बाजूने जेमतेम एखाद्या मायक्रॉनची आणि दुसऱ्या बाजूने कितीतरी पट रुंद असते. दोन्ही दिशांना किरण वेगवेगळे पसरतात, एकाच उंचीवर दोन्ही नीट जुळतीलच असं नाही. शिवाय 10 वॉटच्या मॉड्यूलमध्ये दोन डायोडचे किरण एकत्र केलेले असतात. ते जरा जरी सरकले तर सगळ्यात बारीक जागेतही रेघेला जुळी सावली दिसते, आणि मग उंची कितीही बदला, सावली हटत नाही. सुदैवाने माझ्याकडे तसं नव्हतं. मी दोन्हीच्या मधली उंची धरली आणि ॲक्रेलिकचे तुकडे चिकटवून त्या मापाचा नवा ठोकळा केला.

उजवीकडची धूसरता त्याने गेली नाही. मग ठोकळा चारही कोपऱ्यांत फिरवला. मागे डावीकडे तो घट्ट बसत होता, पुढे उजवीकडे खाली चांगली फट. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली तर 1.4 मिमी. टेबल सरळ होतं, हनीकोंबची चौकटच पिळलेली. तिच्या पुढच्या उजव्या पायाखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या. आणि प्लाय? पावसाळ्यात कोकणात 3-4 मिमीचा प्लाय सरळ मिळेल अशी अपेक्षाच करू नये. मधून फुगलेला तुकडा कडेला चुंबकांनी दाबला तरी मध्ये मिलिमीटरभर उचललेलाच राहतो. फुगलेली बाजू खाली ठेवून कडा दाबल्या तर बरा बसतो. माल आता वजनाखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो.

लेन्ससमोरच्या संरक्षक काचेबद्दल थोडंसं. प्लायच्या धुरातला चीक तिच्यावर तपकिरी थर धरतो. त्याने रेघ जाड होतेच असं नाही, पण फिकट पडते, आजूबाजूला पिवळसर झाक येते, आणि आपण उगाच उंची हलवत बसतो. मशीनची वायर काढून, काचेवर बाजूने टॉर्च मारून बघा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद पुरेसा. ॲसिटोन नको. ठिपका डोळ्यांनी न्याहाळून फोकस लावायचा प्रकार तर मुळीच नको, 450 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्यासाठी असलेला चष्मा चढवल्याशिवाय मशीनजवळ उभंही राहू नये.

सांगलीच्या मित्राकडे के-40 (कार्बन डायऑक्साइड लेसरचं मशीन) आहे, त्याचं दुखणं वेगळं. त्याच्या 50.8 मिमीच्या झिंक सेलेनाइड लेन्सची सपाट बाजू वर होती. फुगीर बाजू वर, सपाट बाजू कामाकडे, एवढं केलं आणि रेघ लगेच बारीक झाली. त्याचा काप तिरका येत होता तो मात्र किरण लेन्सपर्यंत नेणाऱ्या आरशांचा प्रश्न. किरण लेन्सच्या मध्यातून जात नसेल तर फोकस कितीही लावा, भिंत उभी येत नाही. ती लेन्स फुटली तर चुरा विषारी असतो, हातमोजे घालूनच उचला.

आता माझ्या पाटीवर रफार सुटा दिसतो आणि 'ह'ला पोट आहे. पण नवीन भानगड निघाली: भरलेल्या अक्षरांत बारीक फिकट पट्टे. फिलच्या दोन रेघांमधलं अंतर मी आधी 0.15 मिमी ठेवलं होतं, जाड रेघेमुळे मधल्या फटी झाकल्या जायच्या. ते 0.1 मिमी केलं, म्हणजे इंचाला 254 रेघा (डीपीआय). मग अक्षरं काळीठिक्कर पडून कडा करपू लागल्या, म्हणून वेग मिनिटाला 3000 मिमीवरून 4500 वर नेला. पट्टे गेले. शिरोरेषेवर अजून किंचित करपट कड राहते. तिथे एअरचा दाब वाढवून बघायचाय, पण पंपाची ताकद तेवढीच.

पुढचं काम स्लेट दगडाच्या कोस्टरचं. त्यावर मोठे भाग भरताना डोकं मुद्दाम दोन मिमी वर ठेवून बघणार आहे.