देवधर करंडक: चार सामने, पाच विभाग आणि सतत बदलणारा साचा

भारताने पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १३ जुलै १९७४ रोजी, इंग्लंडमध्ये लीड्सला. देवधर करंडक, म्हणजे देशातल्या विभागीय संघांची एकदिवसीय स्पर्धा, त्याच्याही आधीचा. १९७३-७४ च्या हंगामात तो सुरू झाला आणि दक्षिण विभागाने पहिल्याच वर्षी जिंकला. भारतात पहिला वनडे व्हायला २५ नोव्हेंबर १९८१ उजाडला, अहमदाबादला. तोवर देवधरचे आठ हंगाम होऊन गेले होते. ‘आपल्याकडे वनडे आलं ते ८३ च्या विश्वचषकानंतर’ असं कट्ट्यावर कुणी ठणकावून सांगितलं, तर या तारखा समोर ठेवाव्यात.

नाव मात्र गमतीचं पडलं. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर हे दिवसच्या दिवस खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या जमान्यातले. त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, १०५ आणि १४१, तेव्हा वय होतं ५२. अशा माणसाचं नाव एका दिवसात उरकणाऱ्या स्पर्धेला! करंडक सुरू झाला तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते, आणि त्यानंतरही जवळपास वीस वर्षं, ऑगस्ट १९९३ पर्यंत, ते होते.

आता स्पर्धेची रचना. राज्य संघांची मोट बांधून पाच विभाग केलेले: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. विदर्भ मात्र मध्य विभागात, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि रेल्वेच्या पंगतीला. गोवा दक्षिणेत. त्यामुळे पश्चिम विरुद्ध मध्य सामना म्हणजे पुण्याचा फलंदाज आणि नागपूरचा गोलंदाज समोरासमोर. जुनी धावपत्रकं वाचताना इथे हमखास गोंधळ होतो: विदर्भाचा खेळाडू पश्चिमेच्या यादीत शोधलात तर सापडायचा नाही.

पाच संघ बाद पद्धतीने खेळवायचे तर आकडेमोड सोपी. एक उपांत्यपूर्व, दोन उपांत्य, एक अंतिम, एकूण चार सामने. त्यातले दोन-तीन संघ एकच सामना खेळून घरी जाणार. पाचही जणांची साखळी लावली, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना ठेवला, की सामने होतात दहा, म्हणून काही हंगामांत साखळीही लावून पाहिली. पण मैदानं, पंच, प्रवास हे सगळं वाढतं आणि कसोटीपटूंच्या तारखा मिळत नाहीत.

साखळीत दुसरं दुखणं येतं ते नेट रनरेटचं, म्हणजे आपल्या धावगतीतून प्रतिस्पर्ध्याची धावगती वजा करून येणाऱ्या आकड्याचं; गुण सारखे झाले की तो बघतात. तो काढताना दोन चुका नेहमी होतात. संघ ४० षटकांत २४० वर सर्वबाद झाला तर भाजक ४० नव्हे, पूर्ण ५० धरायचा, म्हणजे धावगती ६ नाही, ४.८०. प्रतिस्पर्ध्याने ४० षटकांत २४१ केल्या तर त्यांची धावगती ६.०२५, म्हणजे या एका सामन्यात तुमचा रनरेट उणे १.२२५. असा खड्डा एका विजयाने भरून निघत नाही. दुसरी चूक म्हणजे ४६.३ षटकं कॅल्क्युलेटरवर तशीच मारणं. तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक, आकडा ४६.५ घ्यायचा.

मुळात विभाग हा कुणाचाच संघ नव्हता, आणि माझ्या मते देवधरचं खरं दुखणं हेच. ‘पश्चिम विभाग’ म्हणून कुणाचं घरचं मैदान नाही, ड्रेसिंग रूम नाही, चाहता तर नाहीच. स्पर्धेच्या तोंडावर पाच संघटनांतून पोरं गोळा करायची आणि स्पर्धा संपली की पांगायचं. पूर्वी राष्ट्रीय निवड समितीतही प्रत्येक विभागाचा माणूस असे, त्याला आपली पोरं दाखवायला हा मांडव बरा पडायचा. निवडीची चाचणी म्हणून स्पर्धा उपयोगाची होती, पण गर्दी खेचणारी कधीच झाली नाही.

मग राज्यांची एकदिवसीय स्पर्धा उभी राहिली. १९९३-९४ पासून राज्य संघ आपापल्या विभागात वनडे खेळू लागले, २००२-०३ पासून त्याला देशपातळीवरची पुढची फेरी जोडली गेली, आणि २००७-०८ पासून ती विजय हजारे करंडक म्हणून ओळखली जाते. तिथे खेळाडूला साखळीतच अनेक डाव मिळतात. निवडकर्त्यांना त्याहून जास्त काय हवं? देवधरचं काम हजारेने उचललं ते इथे.

त्यानंतर साचाच मोडला. २०१५-१६ पासून विभाग गेले. निवड समितीने निवडलेले भारत अ, भारत ब आणि हजारे करंडकाचा विजेता राज्य संघ असे तीन संघ आले. २०१६-१७ मध्ये तमिळनाडूने हजारेपाठोपाठ देवधरही जिंकला, अंतिम सामन्यात दिनेश कार्तिकच्या १२६. राज्य संघ ‘भारत ब’ला हरवतो, हे त्या साच्यातलं एकमेव खरं नाट्य. २०१८-१९ पासून राज्य संघालाही काढलं आणि भारत अ, ब, क उरले. २०१९-२० मध्ये रांचीला भारत ब जिंकला. साखळीत ऋतुराज गायकवाडच्या ११३, अंतिम सामन्यात केदार जाधवच्या ८६. दोघेही आपल्याकडचे, पण संघाच्या नावात ना महाराष्ट्र, ना पश्चिम.

२०२३ मध्ये विभाग परत आले, या वेळी ईशान्य धरून सहा. सगळे सामने पुद्दुचेरीत. साखळीचे १५ आणि अंतिम, २४ जुलै ते ३ ऑगस्ट, प्रत्येक संघाला एक दिवसाआड सामना. अशा वेळापत्रकात वेगवान गोलंदाज आलटून-पालटून खेळवावे लागतात, नाहीतर चौथ्या सामन्यापर्यंत पाय उचलत नाहीत. पूर्वेच्या रियान परागने ३५४ धावा आणि ११ बळी काढले, तरी करंडक नेला दक्षिणेनेच, म्हणजे १९७३-७४ च्याच विजेत्याने.

२०२४-२५ च्या कार्यक्रमातून देवधर वगळला. २०२५ मध्ये दुलीप करंडकात, म्हणजे अनेक दिवसांच्या प्रथमश्रेणी स्पर्धेत, सहा विभाग पुन्हा उतरले, देवधरचं नाव त्या वर्षीच्याही वेळापत्रकात नव्हतं.