सात आठवडे आणि एक शून्य

हिंगणा एमआयडीसीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं शेड आहे. दुरुस्त झालेल्या मोटरचा स्लिप, म्हणजे आतल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा ती किती मागे पडते, ते मोजून देता यावं म्हणून डॅक कार्ड (सिग्नल मोजून संगणकाला देणारं कार्ड) घेतलं. शाफ्टवर ६० दातांचं चक्र, समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर (दात समोरून गेला की एक पल्स देणारा), त्याची वायर कार्डाच्या पल्स मोजणाऱ्या काउंटरला. दात ६० म्हणजे जितके हर्ट्झ (सेकंदाला पल्स) तितकेच आरपीएम (मिनिटाला फेरे). जोडणी एका दुपारी झाली.

पण आकडा १४७०, १४८०, १४९० असा नाचायचा. चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग, म्हणजे त्या क्षेत्राचा वेग, १५००, म्हणजे स्लिप सगळा २० आरपीएमचा. त्यात दहाची उडी! ज्याला विचारावं तो म्हणे, कार्ड कॅलिब्रेट करून, म्हणजे प्रमाणाशी ताडून आणा.

आणलं. एप्रिल-मेच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, स्कूटरवर चार चकरा मारून. पहिल्या दिवशी कॅलिब्रेशन लॅबच्या फॉर्मवर फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात १४८० लिहिलं. "एकच आकडा चालत नाही नं भाऊ, पासून-पर्यंत लिहा." लिहून नेलं, तर कोणकोणत्या बिंदूंवर तपासायचं ते नव्हतं. तेही नेलं, तर लेटरहेडवर शिक्का नव्हता. हे तिन्ही पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं तर खिडकीमागच्या माणसाचं काय गेलं असतं? चौथ्यांदा सगळं बरोबर होतं, पण सही करणारे साहेब जेवायला गेलेले. पंख्याखाली दीड तास बसलो. मग फोन. "उद्या करा नं." तो उद्या उगवायला सात आठवडे लागले.

प्रमाणपत्रात कार्डाचा टाइमबेस, म्हणजे त्याच्या आतल्या घड्याळाची चूक, ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५०) आत निघाली. १४८० हर्ट्झवर हा फरक ०.०७४ हर्ट्झ. म्हणजे कार्ड आधीपासूनच ठणठणीत होतं. घरी आणून जोडलं. १४७०, १४८०, १४९०.

रात्री प्रोग्राम उघडला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. गेट टाइम, म्हणजे एका वेळी पल्स मोजत राहण्याचा अवधी, ०.१ सेकंद ठेवला होता. तेवढ्यात १४८ पल्स येतात. एक कमी-जास्त मोजला गेला की दहाने गुणून दहा आरपीएमची चूक. एक सेकंद मोजलं तर ती एकावर येते. पण मी पद्धतच बदलली: पल्स मोजण्याऐवजी दोन पल्समधला वेळ कार्डाच्या ८० मेगाहर्ट्झ क्लॉकने मोजायचा. तरी आकडा थरथरत होता, कारण आमच्या खराद्याने पाडलेले दात सारखे नव्हते. मग सुटा दात सोडून पूर्ण फेरा धरला, ६० पल्स, सुमारे ४०.५ मिलिसेकंद. त्यात क्लॉकचे ३२ लाखांवर ठोके बसतात, एक इकडेतिकडे झाला तर कुठे कळतो. १४८०.३, १४८०.२. बायकोला उठवून दाखवलं.

गिऱ्हाइकाने तो आकडा पाहिलाही नाही, प्रमाणपत्राची झेरॉक्स तेवढी मागून नेली.

हो, एक राहिलंच. १५०० हे ५० हर्ट्झला. लाइन (वीजपुरवठा) ४९.९० वर असेल तर सिंक्रोनस वेग १४९७, आणि वीसच्या स्लिपमध्ये तीनची चूक तिथेच. लाइनची फ्रिक्वेन्सीही त्याच वेळी दुसऱ्या काउंटरवर मोजा. थेट नाही, लहान ट्रान्सफॉर्मर आणि श्मिट ट्रिगरमधून (लहरीचे स्वच्छ पल्स करणारं सर्किट). आणि सेन्सरची केबल शिल्डेड घ्या, शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू झाला की खोटे पल्स घुसतात.