मार्टीचे आकडे

मला वाचताना एक वाईट खोड आहे. कादंबरीत कुठे पैशाची गोष्ट निघाली की मी पेन्सिल शोधायला लागते. तीस वर्षं हिशेबखात्यात गेली, त्याचा हा परिणाम. नायिका ढसाढसा रडत असली तरी घरभाडं किती थकलंय ते आधी कळल्याशिवाय माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही.

टॉमस हार्डीची 'द वुडलँडर्स' हातात घेतली ती एका पावसाळी रविवारी. मनात होतं, इंग्लंडमधलं जुनं खेडं, झाडंबिडं, फसलेलं प्रेम, दुपार बरी जाईल. दुसऱ्याच प्रकरणात पेन्सिल हातात घ्यावी लागली.

प्रसंग असा. इंग्लंडच्या डॉर्सेट भागातलं लिटल हिंटॉक नावाचं, झाडीत बुडून गेलेलं गाव. रात्र. झोपडीवजा घरात चुलीच्या उजेडात मार्टी साउथ नावाची पोरगी लाकडं तासत बसली आहे. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात तिच्या मापाला भलताच मोठा असलेला चामड्याचा मोजा. बाप आजारी आहे, काम त्याचं आहे, आणि व्यापाऱ्याला कळू नये म्हणून पोरगी रात्री जागून ते उरकते आहे. कामाची सवय नाही, त्यामुळे तळहात लाल होऊन फोड आले आहेत.

ती जे करत होती त्याला 'स्पार' म्हणतात. कोश काढून पाहिलं. आपल्याकडे कोकणात घर शाकारतात, तसं तिकडेही गवताने शाकारायचे. ते गवत जागच्या जागी धरून ठेवायला हेझल नावाच्या झुडपाच्या चिरलेल्या, टोक काढलेल्या काड्या लागत. शाकारणारा ती काडी मधोमध पिळून दुमडायचा आणि गवतात खुपसून द्यायचा. चित्र पाहिलं आणि हसूच आलं. हा तर आकडा! अंबाड्यात खोचतो तो. छपराच्या अंबाड्याचा, एवढाच फरक.

मार्टी एक काठी उचलते, या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखते, मापाला तोडते, तिचे चार भाग चिरते आणि प्रत्येकाला संगिनीसारखं तिधारी टोक काढते. हजार आकड्यांना अठरा पेन्स. दिवसभर आणि अर्धी रात्र बसलं तर दीड हजार होतात, म्हणजे दोन शिलिंग तीन पेन्स.

आणि हे सगळं ती सांगते कोणाला, तर शहरातून आलेल्या न्हाव्याला. त्याला तिचे केस हवे आहेत. दाट, बदामी रंगाचे. गावच्या जमीनदारीणबाई, मिसेस चार्मंड, यांनी ते चर्चमध्ये पाहून ठेवले आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या केसांशी ते तंतोतंत जुळतात. मार्टी नाही म्हणते. न्हावी दोन सॉव्हरिन, म्हणजे सोन्याचे दोन पौंड, आरशाच्या कडेला खोचून निघून जातो. हार्डी म्हणतो, ती नाणी काविळीच्या डोळ्यांसारखी तिच्याकडे बघत राहिली.

मी पुस्तक उलटं ठेवलं आणि मांडलं. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड. (रुपये-आणे-पै करत वाढलेल्या माझ्या वडिलांना हे तोंडी आलं असतं.) दोन पौंड म्हणजे चारशे ऐंशी पेन्स. अठराने भागून हजाराने गुणलं तर आले सव्वीस हजार सहाशे सहासष्ट आकडे. जवळजवळ अठरा दिवस आणि अठरा अर्ध्या रात्री. एका वेणीची ही किंमत. आणि ती पोरगी नाही म्हणाली होती!

आमच्या लहानपणी गल्लीत 'केसांवर फुगेऽऽ, केसांवर भांडीऽऽ' अशी आरोळी आली की आजी भिंतीच्या फटीत जपून ठेवलेलं गुंतवळ बाहेर काढायची आणि घासाघीस करून एखादी वाटी नाहीतर चमचा मिळवायची. पण ते गुंतवळ. फणीला आलेलं, आपलं नसल्यासारखं. डोक्यावरची अख्खी वेणी उतरवून द्यायची म्हणजे वेगळाच व्यवहार, आणि तो मार्टी पैशासाठी करतच नाही. तयार काड्या पोचवायला ती रात्री व्यापाऱ्याच्या वाड्याकडे जाते आणि काळोखात नवराबायकोचं बोलणं तिच्या कानावर पडतं. त्यांची मुलगी ग्रेस शिकून परत यायची आहे आणि बापाच्या मनात तिला जाइल्स विंटरबोर्नला द्यायचं आहे. मार्टीचा जीव जाइल्सवर. तोंडाने कधी एक अक्षर नाही. घरी येते, कात्री घेते, कापते. मग ती आरशात बघत नाही.

आता या ग्रेसच्या बापाचं, मेलबरीचं, खातं बघा. तरुणपणी त्याने जाइल्सच्या बापाची ठरलेली मुलगी लबाडीने पळवून तिच्याशी लग्न केलं होतं. त्याची टोचणी म्हणून आता आपली पोर त्याच्या पोराला द्यायची. म्हणजे जुनी बाकी फेडायची. पण मधल्या काळात त्याने ग्रेसच्या शिक्षणावर इतका पैसा ओतला आहे की तिला सफरचंदाच्या झाडांचा धंदा करणाऱ्या साध्या माणसाकडे पाठवायचं म्हटलं की त्याला भांडवल बुडाल्यासारखं वाटतं. एकदा ग्रेसच म्हणते, घोडे, गाड्या, धान्य यांच्यासारखा माझाही खर्च फार झाला ना? त्यावर बाप प्रेमाने सांगतो, असू दे, तू त्यांच्यापेक्षा चांगला परतावा देशील. वाईट माणूस नाही हो तो. आपल्या ओळखीतलाच आहे, दोन-चार तरी असतील.

जाइल्सला मात्र हिशेब म्हणून येत नाही. ग्रेसला आणायला तो शहराच्या बाजारात जातो तेव्हा हातात दहा फूट उंचीचं सफरचंदाचं झाड धरून उभा असतो, धंद्याचा नमुना म्हणून! ते खाली ठेवता येत नाही, त्यामुळे धड पुढे होता येत नाही, आणि शिकून आलेली मुलगी त्या डोलणाऱ्या फांद्यांखालच्या माणसाकडे बघते आहे. परतीच्या वाटेवर तो तिला कुठल्या जातीचं पीक यंदा चांगलं आलं ते सांगतो. ती 'हो' म्हणते, आणि बघत असते भलत्याच बागेकडे. पूर्वी तुला ओळखू यायची की ही झाडं, असं तो म्हणतो. माझ्या मते त्यांचं प्रेम तिथेच मोडलं. पुढची साडेतीनशे पानं हा आपला तपशील.

पुढे तो ग्रेसच्या घरच्यांना जेवायला बोलावतो आणि तिच्याच ताटात भाजीबरोबर उकडलेली बिनशंखाची गोगलगाय निघते. त्याचा म्हातारा गडी क्रीडल याची सफाई अशी की, आपल्या हातून वाढलेल्या ताटात जिवंत गोगलगाय देव करो आणि कधी न दिसो, ही चांगली शिजलेली होती. मी इतकी हसले की आतून विचारणा झाली.

पण घर जातं तिथे हसू थांबलं. जाइल्सची घरं ज्या कराराने होती त्याची मुदत वर्षांत नव्हती, माणसांत होती. करारात नावं घातलेली माणसं जगतील तोवर घर तुमचं. शेवटचा गेला की जमीनदाराचं. आणि शेवटचं नाव होतं मार्टीच्या बापाचं. दारासमोरचं एल्मचं झाड आपल्यावर पडून आपल्याला मारणार या भीतीने तो अंथरुणाला खिळलेला. नवा डॉक्टर फिट्झपिअर्स म्हणतो, तोडा झाड. तोडतात. सकाळी मोकळं आभाळ पाहून म्हातारा धसका घेतो आणि जातो. थोडे पैसे भरून मुदत वाढवून घेता आली असती, ते वेळेत कोणी केलंच नाही. अशा राहून गेलेल्या सह्यांपायी बुडालेली घरं मी कामावर पाहिली आहेत. झाडाचं निमित्त मात्र नवीन.

ग्रेसचं लग्न त्या डॉक्टरशी होतं आणि तो मिसेस चार्मंडच्या मागे लागतो. हो, मार्टीचे केस डोक्यावर मिरवणाऱ्या त्याच बाईच्या. मेलबरीच्या कानावर येतं की नव्या कायद्याने घटस्फोट मिळतो. हा 1857 चा कायदा. बाप लंडनला धावतो, जाइल्सला पुन्हा आशा लागते. पण कायद्याची मेख अशी की बायकोचा व्यभिचार नवऱ्याला पुरे, नवऱ्याचा व्यभिचार बायकोला पुरे नाही. सोबत क्रौर्य वगैरे आणखी काही सिद्ध करायचं. हा फरक तिथे 1923 पर्यंत टिकला. म्हणजे ग्रेसच्या नवऱ्याने पाप पुरेसं केलं नव्हतं.

शेवटी नवऱ्याला टाळून ग्रेस रानात पळते. जाइल्स तिला आपली खोपटी देतो आणि लोकांनी तिला नावं ठेवू नयेत म्हणून स्वतः बाहेर पावसात झोपतो, तापाने फणफणलेला असताना. तिला ते उशिरा कळतं. इथे मी हार्डीवर थोडी चिडले. इतकं सोवळं? पण तो माणूस तसाच होता, झाड खाली ठेवता न येणारा.

हार्डी 1840 सालचा; पुस्तक 1887 चं. फार वर्षांनी, 1912 मध्ये, त्याने ते पुन्हा वाचलं आणि गोष्ट म्हणून हीच आपल्याला सगळ्यांत आवडते असं म्हटलं. लिटल हिंटॉक नेमकं कुठे, असं वाचक विचारत, तर एका मित्राबरोबर सायकलवरून काही तास हिंडूनही ते स्वतः त्यालाच सापडलं नाही.

ग्रेस परत नवऱ्याकडे जाते. आठवड्याला दोघी मिळून जाइल्सच्या थडग्यावर जात, तिथे आता मार्टी एकटी उभी. कापलेल्या केसांची, काटकुळी. ती त्याला सांगते, आता तू माझा एकटीचा. लार्चची रोपं लावताना म्हणेन, तुझ्यासारखी कोणाला लावता येत नाहीत. सफरचंदाचा रस गाळायचा चरक फिरवताना म्हणेन. आणि 'गॅड' चिरताना म्हणेन.

गॅड? पुन्हा कोश काढला. मग आठवलं आणि मागे जाऊन दुसरं प्रकरण उघडलं. गॅड म्हणजे तीच काठी, जिचे चिरून चार आकडे होतात.

पेन्सिल हातात होतीच. दिवसाला आकडे पंधराशे, भागिले चार. तीनशे पंचाहत्तर.