अल्बमवारी, नोंद ९ : ठाणे ते नेरूळ, आणि झील धरणारी माणसं

नियम तोच. आठवड्याला एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. शफल बंद, क्रॉसफेड (एका गाण्याच्या शेवटात दुसरं मिसळणं) शून्यावर, आणि तीनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून नेरूळ साधारण अर्धा तास. गाडीची वाट बघणं आणि उतरून ऑफिसपर्यंत चालणं धरलं की चाळीस मिनिटांचा अल्बम चपखल बसतो. जुन्या एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) दोन बाजूंना मिळून साधारण तेवढंच मावायचं, त्यामुळे जुने अल्बम ह्या ट्रान्सहार्बर लोकलसाठीच काढल्यासारखे वाटतात.

ह्या वेळचा मात्र बसला नाही. अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’ दोन एलपींचा आहे, जवळपास दीड तास. म्हणजे जाताना अर्धा, येताना अर्धा, आणि उरलेला घरी पोळ्या लाटताना.

हा अल्बम स्टुडिओतला नाही. लॉस एंजेलिसच्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये १३ आणि १४ जानेवारी १९७२ अशा दोन रात्री, समोर माणसं बसवून केलेलं रेकॉर्डिंग. पेटीवर (चुकले, पियानोवर) जेम्स क्लीव्हलंड, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, म्हणजे चर्चमधला गायकवृंद. सोल गाऊन एवढं नाव कमावलेली बाई लहानपणीच्या चर्चच्या गाण्यांकडे परत जाते आणि तिचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच ठरतो. ह्या दोन रात्रींचं चित्रीकरण दिग्दर्शक सिडनी पोलॅकने केलं होतं, पण क्लॅपबोर्ड (शॉटच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) न वापरल्यामुळे चित्र आणि आवाज जुळवताच येईनात. पुढे कोर्टकज्ज्यांतही अडकलेला तो चित्रपट अखेर २०१८ मध्ये, अरेथा गेल्यानंतर, लोकांसमोर आला.

पहिल्याच गाण्यात लाजरची गोष्ट आहे. मेलेल्या लाजरला येशू हाक मारून उठवतो, ती. अरेथा ती हाक पुन्हा पुन्हा मारते, दर वेळी आवाजाची जात वेगळी. मागे क्वायर लय सोडत नाही. मी रबाळ्याला दाराजवळ उभी होते, पलीकडे कोणाचं तरी रील मोठ्या आवाजात चालू होतं, आणि तरी त्या हाकेला अंगावर काटा आला. शीर्षकगीत पावणेअकरा मिनिटांचं आहे, शब्द थोडेच. एकेका शब्दावर बाई एवढी रेंगाळते की ठाणं सुटताना लावलेलं गाणं ऐरोलीपर्यंत संपलं नव्हतं. तोवर मागून कोणी ओरडतंय, कोणी दाद देतंय. हे आवाज कापले असते तर अल्बम निम्मा झाला असता.

रविवारी बाबांना स्पीकरवर ऐकवला. बाबा कणकवलीकडचे, डबलबारीवर (दोन भजनी बुवांच्या सामन्यावर) वाढलेले. दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “कोरस बरो आसा. बुवा खंयचे?”

म्हटलं, बुवा नाही, बाई आहे, डेट्रॉइटची.

“मगे समोरची बारी कोणाची?”

समोर कोणीच नाही म्हटल्यावर त्यांचा थोडा हिरमोड झाला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. डबलबारीत एका बुवाने टाकलेल्या सवालाला दुसऱ्या बुवाने उत्तर द्यायचं असतं, मधूनच चिमटेही काढायचे असतात. ते जमणारा माणूस रॅप बॅटलमध्येही उपाशी मरणार नाही. आणि रॅपरच्या मागे उभा राहून ओळीचं शेपूट उचलणारा हाइप मॅन म्हणजे पोवाड्यात ‘जी जी जी’ म्हणत झील धरणारा झीलकरीच. फरक एवढाच, की स्टुडिओत रॅपर बहुतेकदा स्वतःच स्वतःची झील धरतो, दुसऱ्या ट्रॅकवर. (मालवणीत झील म्हणजे मुलगा. बाबांसमोर हा सिद्धांत मांडताना गोंधळ झाला, तो इथे सांगत नाही.)

ह्या कानाने आधीचे दोन अल्बम परत काढले. शिकागोच्या चान्स द रॅपरचा ‘कलरिंग बुक’, २०१६. विकायला न काढता फक्त स्ट्रीमिंगवर असलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळाल्याची ही पहिलीच वेळ, २०१७ ची. सुरुवातीलाच शिकागो चिल्ड्रन्स क्वायर आहे, पुढे गॉस्पेलवाला (म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांचा) कर्क फ्रँकलिन येतो. जिथे क्वायर आहे तिथे अल्बम उडतो. मधली पार्टीची गाणी मी नियम म्हणून ऐकली, तीही तीनदा. देव बघून घेईल.

दुसरा मुंबईच्या स्वदेसी ह्या हिपहॉप गटाचा ‘चेतावनी’, २०२०. हिंदी, मराठी, गुजराती, ज्याची जी भाषा त्यात तो बोलतो. ह्यांच्याकडे जायचं तर आधी २०१९ चं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐका. त्यात आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर गातात. हे गाणं मला थेट पोवाड्याच्या शेजारी नेऊन बसवतं, त्यामुळे बाकी तुलना करत नाही.

इंडी पॉपची मात्र ट्रेनमध्ये दैना. बेल अँड सेबॅस्टियन ह्या ग्लासगोच्या बँडचा ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’, १९९६, एक्केचाळीस मिनिटं, वेळेला अगदी नेमका. पण त्यांचा गायक स्टुअर्ट मर्डॉक असा गातो की शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय. मागचे आवाजही तसेच, कोणाला उठवायचं नाही अशा बेताने. तुर्भ्याला दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात तेव्हा अख्खं कडवं गायब. मूळ रेकॉर्डिंगवर खुद्द बँडही खूश नव्हता. २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये त्यांनी सगळा अल्बम पुन्हा लाइव्ह वाजवून घेतला. गंमत म्हणजे हा मर्डॉक ग्लासगोत एका चर्चच्या हॉलवर राहायचा, तिथलीच देखभाल करायचा. गॉस्पेलच्या इतक्या जवळ राहून माणूस इतका हळू गाऊ शकतो!

शेवटी हा ‘सिनिस्टर’ तलावपाळीला, सकाळी सहाला, बाकावर बसून ऐकला. तेव्हा कुठे ट्रम्पेट सापडला. आणि हेही कळलं की माझ्या इअरफोनची डावी बाजू मेलेली आहे. कधीपासून, देव जाणे. म्हणजे अरेथाची क्वायर मी बहुधा एकाच कानाने ऐकली. नवे येईपर्यंत फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधलं मोनो ऑडिओ चालू केलंय, त्याने दोन्ही बाजू एकाच कानात येतात. कोणाचं असं झालं असेल तर करून बघा, निदान अर्धं गाणं हरवत नाही.

तर ‘अमेझिंग ग्रेस’ची नोंद अजून बंद नाही, दोन्ही कानांनी एकदा व्हायचाय. त्यानंतर दिल्लीचा रॅपर प्रभ दीप, त्याचा ‘क्लास-सिख’, २०१७. आणि मधल्या वेळात एक शोध : रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं कीर्तनाच्या ढंगात, टाळ-पखवाजासकट, सलग अल्बम म्हणून कोणी रेकॉर्ड केली असतील तर मला हवी आहेत. बाबांनी आत्ताच विचारून ठेवलंय, पखवाजाला कोण आहे.